वडिलांची वही

वेल्ह्याच्या पेठेतील त्या दुकानात आठवड्यातून एकदा, फळ्या काढण्यापूर्वी, तराजूची दोन्ही पारडी चिंच आणि राख लावून घासली जात. हे काम घरातील मुलांकडे असे. एकदा थोरल्या मुलाने घाईघाईत पारडी वरच्या वर पुसली आणि तो शाळेला निघाला. वडिलांनी त्याला दारातून परत बोलावले, मालाचे पारडे उलटे केले आणि त्याच्यासमोर धरले. तळाला गुळाचा नखाएवढा थर चिकटलेला होता. "एवढा गूळ आपण दर गिऱ्हाइकाचा ठेवून घेतला," ते म्हणाले आणि पारडे त्याच्या हातात देऊन दुकानाच्या फळ्या काढू लागले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी कमी-अधिक माप आणि भेसळ हे दोन तर थेट दुकानाच्या उंबऱ्याच्या आतले आहेत. पाठशाळेत ही नावे अनेक मुलांना पाठ असतात. या घरातील मुलांना ती फार उशिरा कळली. पारडे उलटे करून पाहण्याची सवय मात्र आधी लागली.

वडिलांचा जन्म भोरचा. त्या वेळी भोर हे पंत सचिवांचे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते विलीन झाले, तेव्हा वडील मराठी शाळेत होते. सातवीनंतर शिक्षण सुटले. भोरच्या बाजारपेठेतील किराणा दुकानावर चार भावांची कुटुंबे पोसली जाणे शक्य नव्हते, म्हणून तिसऱ्या भावाने तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याला, वेगळे दुकान घालावे असे ठरले. त्याला वाट्याला आले ते काही पोती धान्य, एक तराजू आणि मोठ्या भावाच्या ओळखीवर पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मिळालेली उधारी. पहिली काही वर्षे हमाल ठेवण्याची ऐपत नव्हती. मिठाची आणि गुळाची पोती ते स्वतःच्या पाठीवर उतरवीत. उतारवयात त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली असे आणि सदरा नेहमी त्या बाजूला घसरलेला दिसे.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. एका आण्याचे गणिती मोल सव्वासहा पैसे. पाव पैशाचे नाणे कोणाकडेच नव्हते. त्यामुळे सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा पैसे धरले होते. आण्याची हळद घेणाऱ्या बाईला कोष्टक वाचता येत नव्हते. सात पैसे मागितले असते तरी तिने दिले असते. वडिलांनी कोष्टक दाराच्या चौकटीवर चिकटवले आणि वाचता न येणाऱ्याला ते बोट ठेवून वाचून दाखवण्याचे काम पत्नीकडे दिले. पुढे शेर, पायली जाऊन किलो आणि लिटर आले, तेव्हाही तसेच. जुन्या मापाने मागणाऱ्याला ते हसले नाहीत. अर्धा शेर म्हणजे किती ग्रॅम हे त्यांना तोंडपाठ होते, आणि शिल्लक राहिलेले ग्रॅम ते पारड्यात टाकीत, डब्यात परत टाकीत नसत.

या भागातील व्यापार समजून घ्यायचा तर पाऊस समजून घ्यावा लागतो. तोरणा आणि राजगडाच्या कुशीतील गावांचे सारे वर्ष भातावर उभे. जून लागला की ओढे चढतात, पायवाटा बंद होतात. म्हणून पाऊस पडण्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची: मीठ, मिरची, रॉकेल, काडेपेटी, गूळ, चहा. आगोटीची ही खरेदी नेमकी अशा वेळी येते, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. मागच्या सुगीचा संपलेला असतो आणि पुढचे भात अजून पेरायचे असते. त्यामुळे मावळातील दुकानदाराला उधारी द्यावीच लागे. देणार नाही म्हणणाऱ्याने दुकान घालू नये, असा तो मुलूख. मार्गशीर्षात भात झोडून झाले की काही फेड धान्याने होई, काही मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीने.

उधारीच्या या व्यवहारात वडिलांच्या काही रीती ठरलेल्या होत्या. त्यांनी त्या कधी एकत्र सांगितल्या नाहीत; मुलांनी त्या पाहून पाहून उचलल्या. उधार मागायला आलेला माणूस गर्दीत घुटमळताना दिसला की ते त्याला "जरा पोत्याला हात लावा" म्हणून आतल्या कोठीत नेत आणि तिथे बोलू देत. द्यायचे नसेल तर त्याच क्षणी नाही म्हणत. "उद्या या" म्हणून तीन कोस चालायला लावणे त्यांना उधार नाकारण्यापेक्षा वाईट वाटे. वसुलीला खळे संपण्यापूर्वी जात नसत. घरात लग्न किंवा सुतक असेल तर त्या वर्षी त्या दारी जातच नसत. पुरुष घरी नसला तर बाईजवळ उधारीचा विषय काढायचा नाही. पाणी पिऊन, मुलांची चौकशी करून परत फिरायचे. धाकट्याने एकदा ही रीत मोडली. तेव्हा वडिलांनी त्याला दुसऱ्या दिवशी त्याच घरी, भर उन्हात, एकट्याला पाठवले होते. कशासाठी? त्या बाईची माफी मागण्यासाठी.

आजच्या पिढीला यात नुसता भिडस्तपणा दिसेल. तो भिडस्तपणा नव्हता. पुणे जिल्ह्यातील व्यापारी घरांना एक जुनी आठवण आहे, जी घरात फारशी बोलली जात नाही. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जमाव गुजराती आणि मारवाडी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. पुढच्या आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाला जे आढळले ते विचार करण्यासारखे आहे. जमावाला माणसे नको होती, कागद हवे होते. कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे हाती दिले की बहुतेक ठिकाणी दंगा शमत असे. कागदांची होळी होई आणि लोक पांगत. त्यामागे वर्षानुवर्षांची कहाणी होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला. सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हा कायदा कुळाच्या हिताचा म्हणून केला होता. पण तीन वर्षे भरत आली की मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायचा, त्यावर अंगठा उठवायचा, अशी वहिवाट पडली. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नसे. आपल्या बोटाचा ठसा घेतलेल्या कागदात आपले शेत गेले, एवढेच त्याला पुढे कळे.

त्या सावकारांत जैन घरेही होती. हे मान्य करायला संकोच वाटू नये. संकोच वाटावा तो ते झाकण्याचा.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्या कायद्याने कुळाला दिलेल्या रकमेची पावती, हिशेबाचा लेखी उतारा आणि पासबुकात नोंद मागण्याचा हक्क दिला. ऐंशीएक वर्षांपूर्वीचा हा कायदा वेल्ह्याच्या दुकानदाराने वाचला असण्याची शक्यता नाही. पण त्याने स्वतःच्या दुकानात जे केले ते जवळजवळ तेच होते, आणि तो तिथवर पोहोचला तो एका पुरामुळे.

वेल्हे तालुक्यातच आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खाली खडकवासल्याचे धरणही फोडले. पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वेल्ह्यात ही बातमी तुकड्यातुकड्यांनी आली. वडिलांना काळजी वाटली ती ज्यांच्याकडून ते माल उचलत त्या घाऊक व्यापाऱ्याची. त्यांचे दुकान नदीपासून हाकेच्या अंतरावर होते.

रस्ता मोकळा झाल्यावर, पंधराएक दिवसांनी, वडील पुण्याला पोहोचले. दुकानात कुजलेल्या धान्याचा आणि चिखलाचा वास भरून राहिला होता. माणसे सुखरूप होती. गच्चीवर वह्या वाळत घातल्या होत्या, पण त्यांना आता वह्या म्हणण्यात अर्थ नव्हता. पाने एकमेकांना चिकटली होती, शाई फुटली होती, अनेक वर्षांचे नावे-जमा एका रंगाचे झाले होते. वयोवृद्ध शेठजी ओट्यावर बसून होते. कोणाकडे किती येणे आहे हे त्यांना अंदाजाने ठाऊक होते, आणि त्या अंदाजावर कोणाच्या दारी जाऊन उभे राहण्याची त्यांची वृत्ती नव्हती.

वडिलांनी पिशवीतून स्वतःची वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. अमुक मितीला गूळ इतका, खोबरे इतके, मीठ इतके. त्यापोटी दिलेले इतके. बाकी अकराशे चाळीस रुपये. तेव्हा त्यांच्या दुकानातील निम्म्या मालाची किंमतही एवढी नव्हती. शेठजींनी मुलाला नवी वही आणायला सांगितली आणि वडिलांनी सांगितलेली रक्कम तिच्या पहिल्या पानावर लिहून घेतली. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. शेठजी म्हणाले, "जेवून जा," आणि वडील जेवून परतले. ती बाकी फिटायला पावणेदोन वर्षे लागली.

पुढे केव्हातरी थोरल्याने विचारले होते, "त्यांच्या वहीत काही राहिले नव्हते. तुम्ही गप्प बसला असता तर?"

"माझ्या वहीत होते ना," वडील म्हणाले.

त्या वर्षीच्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दिवशी, नव्या चोपडीवर गौतमस्वामींचे नाव लिहून झाल्यावर वडिलांनी चार डझन लहान वह्या समोर मांडल्या. मुठीत मावतील एवढ्या, दोऱ्याने शिवलेल्या. प्रत्येक उधारीच्या खातेदाराला एक. दुकानाच्या खतावणीत जी नोंद होईल ती तशीच्या तशी या लहान वहीत करून द्यायची. माल नेताना वही आणायची, पैसे भरताना वही आणायची. भोरच्या भावांना हे खुळ वाटले. आधीच उधारी, त्यात तिचा पुरावा समोरच्याच्या हाती का द्यायचा? एखाद्याने खाडाखोड केली तर? वडिलांचे म्हणणे असे होते की पूर आपल्याही दुकानात येऊ शकतो, आणि खरे माणूस कोण हे पुरानंतर शोधत बसण्यापेक्षा दोघांकडे एकच आकडा असलेला बरा. बहुतेक खातेदारांना वाचता येत नव्हते. पण शाळेत जाणारी पोरे घरोघरी होऊ लागली होती, आणि आपल्या बापाची वही वाचून दाखवणारे पोर त्या बापाला मोठा आधार वाटे.

उधारी आणि विश्वास यांचे नाते जैन घरांना नवे नाही. १६४१ मध्ये आग्र्याच्या बनारसीदासांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. ते जौनपूरच्या जवाहिऱ्याचे पुत्र. वडील खरगसेन यांनी त्यांना जडजवाहीर, तूप, तेल, कापड देऊन आग्र्याला व्यापारासाठी पाठवले आणि पुत्राने ते भांडवल घालवले. खिसा रिकामा झाल्यावर ते एका कचोरीवाल्याकडे उधारीवर खात राहिले. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात सांगून टाकले की आपल्याजवळ काही नाही, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने देणे थांबवले नाही. काही महिन्यांनी हिशेब झाला तो चौदा रुपयांचा, आणि तो चुकता झाला. नफातोटा दोन्ही उघड मांडणाऱ्या त्या ग्रंथात लाखमोलाच्या जवाहिरांइतकीच जागा या चौदा रुपयांना मिळाली आहे.

वडिलांच्या सगळ्याच निर्णयांनी घराचे भले झाले असे मात्र नाही. धरणांसाठी रस्ते झाले आणि त्या रस्त्यांनी कोळशाचा व्यापार डोंगरात शिरला. पानशेतच्या पाणलोटातील झाडे भट्ट्यांत जळू लागली. त्या धंद्यात पैसा मोठा आणि रोख होता. वडिलांना भागीदारीचे बोलावणे आले. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत कोळसा पाडणे आणि जंगल तोडणे ही दोन्ही येतात. वडिलांनी नकार देताना तेवढे कारण दिले. पुढची काही वर्षे ज्यांनी होकार दिला होता त्यांची घरे मजल्यांनी वाढताना या घराने पाहिली, आणि पत्नीने कधीमधी ते बोलूनही दाखवले. डोंगर उघडे पडल्यावर भट्ट्या थांबल्या, तोवर मुलांच्या शिक्षणाची वर्षे निघून गेली होती. दोन्ही मुलगे पदवीपर्यंत पोहोचले ते नोकरी करत. मुलगी वर्गात पहिली येत असूनही दहावीनंतर घरी बसली. त्या वेळी पैशाचे कारण सांगण्यात आले, पण ते पूर्ण खरे नव्हते. वडिलांनी हे उतारवयात तिच्याजवळ कबूल केले. तिने ऐकून घेतले. त्यांचा स्वभाव तापटही होता. कंदिलाची काच फुटली तर आठवडाभर बोलणे बंद.

या तापटपणाचा हिशेब ते वर्षातून एकदा मिटवीत. संवत्सरीचे प्रतिक्रमण भोरला समाजासोबत करून दुसऱ्या दिवशी ते पावसातच वेल्ह्याला परतत आणि वर्षभरात ज्यांच्याशी शब्दाला शब्द लागला असेल त्यांच्या दारी जात. त्यांत बहुतेक खातेदारच असत. तिथे ते ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत नसत, कारण समोरच्याला ते कळले नसते. छत्री मिटवून, "वर्षभरात चुकलंमाकलं असेल तर मनात ठेवू नका" असे म्हणत. येणेकऱ्याने देणेकऱ्याची माफी मागावी हे पाहून घरची माणसे गोंधळून जात, बसायला घोंगडे टाकत, आणि उधारीचा विषय त्या दिवशी दोन्हीकडून निघत नसे.

१९७५ मध्ये, सुप्याच्या त्या बाजारदिवसाला नेमकी शंभर वर्षे होत असताना, महाराष्ट्र शासनाने कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला. अल्पभूधारक, भूमिहीन मजूर, कारागीर यांची खासगी कर्जे रद्द ठरली. पेठेत धास्ती पसरली. वडिलांनी सावकारीचा परवाना कधी काढला नव्हता आणि दागिना गहाण ठेवून घेतला नव्हता. परत करण्यासारखे त्यांच्या तिजोरीत काही निघाले नाही. लहान वह्या मात्र त्या वर्षीही सुगीनंतर दुकानात येत राहिल्या. कोणी थोडे भरले, कोणी नुसतेच दाखवून गेले.

खरी कसोटी पुढेच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सह्याद्रीच्या गावागावांतून गिरणीत गेलेली माणसे होती. त्यांच्या मनीऑर्डरीवर म्हाताऱ्यांची आणि मुलाबाळांची चूल पेटत असे. पहिले दोन-तीन महिने कोणाला काही वाटले नाही. आगोट आली तेव्हा मात्र पोस्टमन रिकाम्या पिशवीने फिरू लागला होता. त्या उन्हाळ्यात वडिलांसमोर सरळ हिशेब होता. नेहमीएवढी उधारी दिली तर पुण्याच्या पेठेतील आपली पत जाते. न दिली तर पंचवीस-तीस घरे पावसाळ्यात मिठावाचून राहतात.

त्यांनी मधला मार्ग काढला आणि तो व्यापाऱ्याचा मार्ग होता, दानशूराचा नव्हता. प्रत्येक घराची यादी घेऊन ते बसले. साखर काढून गूळ घातला. चहा निम्मा केला. मीठ, मिरची, रॉकेल पूर्ण ठेवले. साबण वर्षातून चार. हे सगळे खातेदाराच्या समोर, त्याच्याशी बोलून. "साखर मी देत नाही, पण मीठ कमी पडू देणार नाही," हे वाक्य त्या वर्षी अनेकांनी ऐकले. पत्नीच्या दोन पाटल्या त्याच मोसमात पुण्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत. संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही; गिरण्या एकेक करून थंड पडल्या. त्या दोन वर्षांच्या उधारीतील बरीचशी आली, सगळी आली नाही. खतावणीच्या शेवटी काही खाती बाकी दाखवत तशीच राहिली. ती बुडीत म्हणून खोडावीत असे धाकट्याने सुचवले होते. वडील म्हणाले, "खोडायचे त्यांनी. आपण खोडले तर त्यांना भिकारी केल्यासारखे होते." माफ केल्याचे जाहीर करणेही त्यांना पसंत नव्हते. ती खाती वर्षानुवर्षे नव्या चोपडीत उतरवली जात: नाव, गाव, बाकी. व्याजाचा रकाना त्या चोपडीत कधीच नव्हता.

वडील गेले त्याला आता काही वर्षे झाली. थोरला वेल्ह्याच्या दुकानात बसतो. धाकटा पुण्याला मार्केट यार्डात. दुकानाचे नूतनीकरण निघाले तेव्हा माळ्यावर जुन्या वह्यांची दोन पेटारे निघाली. वाळवी लागली होती. ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. दोघा भावांनी फोनवर बोलून ठरवले आणि वह्या रद्दीत गेल्या. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. बिले आता संगणकावर निघतात, गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे भरते, आणि ज्या तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले त्या तालुक्यात आगोटीची खरेदी करणारेही थोडेच उरले आहेत.

एका पावसाळी दुपारी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. पंचविशीतील तरुण, अंगात कंपनीचा सदरा. त्याने रेनकोटच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून मुठीएवढी, दोऱ्याने शिवलेली वही.

"जुनं घर पाडाया काढलंय," तो म्हणाला. "आज्याच्या फळीवर ही घावली. आज्या कधी काय बोलला न्हाई. पर हितं बाकी लिवलीय. तीनशे बारा."

थोरल्याने वही हातात घेतली. अक्षर वडिलांचे होते. मीठ, मिरची, रॉकेल, मीठ, गूळ. साखर कुठेच नव्हती. शेवटची नोंद १९८३ सालची.

"व्याज धरून किती झालं असंल?" तरुणाने विचारले. त्याने मोबाइल काढला होता.

"व्याज नाही," थोरला म्हणाला. "तीनशे बाराच."

पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो लगेच बाजूला सारला. वडिलांनी घेतले असते. न घेतल्यास या मुलाला ज्या रस्त्याने तो आला त्याच रस्त्याने ओझे घेऊन परत जावे लागले असते. त्याने तीनशे बारा रुपये मोजून घेतले. तरुण तसाच उभा राहिला.

"तुमच्या वहीतलं बी खोडा की," तो म्हणाला. "मला बघू द्या. आज्याचं नाव आसंल ना तिथं."

थोरला काही वेळ बोलला नाही. मग त्याने जे झाले ते सांगितले: वाळवी लागली होती, वह्या रद्दीत दिल्या. तरुणाच्या चेहऱ्यावर राग आला नाही. पण तो ज्या गोष्टीसाठी पावसातून आला होता त्यातील निम्मी त्याला मिळाली नव्हती, हे दिसत होते.

थोरल्याने शेल्फवरून विक्रीची एक शाळेची वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातली. लहान वहीत पाहून नाव लिहिले, गाव लिहिले. नावे: ३१२. त्याखाली जमा: ३१२. खाली आडवी रेघ, आणि रेघेखाली त्याच्या वडिलांचा शब्द: बेबाक. मग तेवढेच लहान वहीतही, शेवटच्या नोंदीच्या खाली, त्याने आपल्या अक्षरात लिहिले आणि सही केली. तरुणाने दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली. आकडा जुळला.

चहा झाला. तरुण वही पिशवीत ठेवू लागला, तेव्हा थोरल्याने हात पुढे केला. दुकानात, घरात, कुठेही वडिलांच्या हाताची एकही नोंद आता उरलेली नव्हती. ती वही मागावी असे त्याला फार वाटले. पण ती वही दिवाळीला दिलेली होती; खातेदाराची होती.

"एकदा बघू का?" एवढेच त्याने विचारले.

तरुणाने वही दिली. थोरला दारातल्या उजेडात गेला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हळूहळू पाने उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आला आणि वही मिटून परत दिली. तरुणाने ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, रेनकोटच्या आत घातली आणि मोटारसायकल सुरू केली.